पडद्यामागची खुर्ची

"तिन्ही आउटपुट बरोबर आहेत, उस्ताद. आता आणखी काय बघायचं राहिलंय?"

पडद्यामागून सौमित्रचा आवाज आला.

अब्बासचाचा पुढे, प्रेक्षकांच्या तिसऱ्या रांगेत बसून शेंगा सोलत होते. त्यांनी एक शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले.

"मला कुठे काय बघायचंय," ते म्हणाले. "तू बघ."

"मी बघितलं."

"कुठून?"

"इथूनच. खुर्चीवरून."

चाचांनी पुढची शेंग घेतली...

गावच्या नाट्यगृहात रंगमंचावर तीन पडदे होते आणि तीन प्रोजेक्टर. नाचणाऱ्यांच्या सावल्या चित्रांवर पडू नयेत म्हणून प्रोजेक्टर पडद्यांच्या मागे ठेवलेले. चित्र मागून पडायचं, लोक पुढून बघायचे. मागेच एक टेबल, टेबलावर लॅपटॉप आणि एक खुर्ची. नाच चालू असताना तालावर चित्रं बदलायची ती या खुर्चीवरून. पण त्याआधी कोणतं चित्र कोणत्या तारेतून कोणत्या पडद्यावर जाईल, हे लॅपटॉपमध्ये ठरवून ठेवावं लागतं. याला आउटपुट लावणं म्हणतात.

अकरा वर्षं त्या खुर्चीवर चाचा बसले. आता गुडघे ऐकेनात. त्यांनी विश्वस्तांना सांगून टाकलं होतं : आज महिला मंडळाच्या कार्यक्रमाला सौमित्रने एकट्याने तिन्ही पडदे नीट लावले तर खुर्ची त्याची. नाही तर शहरातून माणूस आणा.

शहरातला माणूस आला असता तर सौमित्र पुन्हा तारा गुंडाळायला बसला असता. ते काम त्याने तीन वर्षं केलं होतं.

मधल्या काळात तो पुण्याला जाऊन तीन महिन्यांचा कोर्स करून आला होता. त्यामुळे त्याला शंका अशा काही उरल्या नव्हत्या.

"उस्ताद, एक सांगू? राग मानू नका."

"राग मानला तर उठून यावं लागेल. सांग."

"मागच्या कार्यक्रमाची तुमची मांडणी लॅपटॉपमध्ये तशीच होती. सगळी उलटी. अक्षरं उलटी, एक नंबरचा आउटपुट तिसऱ्या पडद्यावर. मी सगळं सुलटं केलं."

"सगळं?"

"सगळं. वयाने होतं असं."

"होतं," चाचा म्हणाले. "मी तंबूत सिनेमा दाखवायचो ना, तेव्हा जत्रेत गर्दी झाली की लोक पडद्याच्या मागे जाऊन बसायचे. त्यांना सगळे नायक डावखुरे दिसायचे."

"उस्ताद, गोष्टी नंतर. चार वाजले. सहाला कार्यक्रम आहे."

"बरं."

तेवढ्यात तालमीसाठी महिला मंडळ रंगमंचावर आलं. बारा जणी, सरासरी वय बासष्ट, प्रत्येकीच्या हातात पुठ्ठ्याचं वल्हं. अध्यक्षा शैलजावहिनींच्या हातात दोन, कारण त्या अध्यक्षा.

गाणं लागलं. मागच्या पडद्यांवर समुद्र आला. समुद्रात होडी आली. एका पडद्यावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या पडद्यावर ती जायची होती आणि तिच्या बरोबरीने बायकांनी वल्हवत जायचं, असं ठरलं होतं.

बायका प्रेक्षकांच्या उजवीकडच्या हार्मोनियमच्या दिशेने वल्हवत निघाल्या.

होडी डावीकडच्या पाण्याच्या पिंपाच्या दिशेने निघाली.

वहिनींनी मागे वळून पाहिलं. त्या थांबल्या, म्हणून मागच्या अकरा जणी एकमेकींवर आपटल्या.

"चाचा, आम्ही इतक्या जीव तोडून वल्हवतोय," वहिनी म्हणाल्या, "आणि होडी माहेरी परत चाललीय."

हशा पिकला. एका आजींना हसता हसता वल्ह्यावर टेकावं लागलं. वल्हं पुठ्ठ्याचं होतं. ते वाकलं, त्यावर आणखी हशा.

"वहिनी," पडद्यामागून सौमित्र म्हणाला, "होडी बरोबर चाललीय. तुम्ही उलट्या चाललात."

"बाराही जणी?"

"बाराही."

वहिनींनी चाचांकडे पाहिलं. चाचा शेंगांकडे पाहत होते...

मग त्यांनी शेंगांची पुडी उचलली आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली.

"सौमित्र, शेंगा खाणार?"

"आत्ता?"

"गरम आहेत. थंड झाल्यावर मजा नाही."

दुपारपासून त्याने काही खाल्लं नव्हतं. दोन पडद्यांच्या फटीतून तो पुढे आला, बायकांमधून वाट काढत खाली उतरला, चाचांच्या शेजारी बसला. एक शेंग घेतली. फोडली. आणि सहज समोर पाहिलं.

मधल्या पडद्यावर समुद्राच्या वर मंडळाचं नाव होतं. आरशात दिसावं तसं.

शेंग हातातच राहिली.

"हे..."

"खा," चाचा म्हणाले.

"उस्ताद, हे तर..."

"मीठ कमी आहे, ठाऊक आहे. खा."

सौमित्रने कपाळाला हात लावला. कान लाल झाले. वर बारा जणी वल्ही टेकवून त्याच्याकडे बघत होत्या.

"काय रे," वहिनींनी विचारलं, "आता आम्ही बाराही सुलट्या का?"

आधी त्याचे खांदे हलले. मग तो जो हसत सुटला, तो फटीतून मागे जाईपर्यंत हसतच होता. मागे काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग बटणांचा.

मागून मोजता एक नंबरचा आउटपुट तिसऱ्या पडद्यावर गेला, तीन नंबरचा पहिल्यावर. मग एकेक चित्र कूस बदलल्यासारखं फिरलं. मंडळाचं नाव सरळ झालं.

"वहिनी, पुन्हा घ्या," तो आतून म्हणाला.

गाणं लागलं. होडी हार्मोनियमकडे निघाली. बायकाही निघाल्या. हार्मोनियमजवळच्या पडद्याच्या काठाला होडी आणि शैलजावहिनी एकाच ठेक्यावर पोचल्या. वहिनींनी दोन्ही वल्ही डोक्यावर धरली आणि ठरलेलं नसताना एक गिरकी घेतली. ती बघून बाकीच्या अकरा जणींनीही घेतली.

हार्मोनियमवाल्याने वाजवायचं सोडून टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्या. पडद्यामागून सौमित्रने हाक मारली.

"उस्ताद."

"बोल."

"तुम्हाला तिथून नीट दिसतंय ना?"

"बायकांना विचार."

"झकास दिसतंय," वहिनी म्हणाल्या.

"पण मला इथून..." तो अडखळला. "नाव उलटं दिसतंय. होडी उजवीकडून डावीकडे जातेय. एक नंबर तिसऱ्या पडद्यावरच आहे."

चाचांनी पुडीतली शेवटची शेंग सोलली.

"सगळं उलटं दिसतंय?"

"सगळं."

"मग बस खुर्चीवर."