वणवा समितीतला खेकडा

जंगलाचा कारभार जनावरांची सभा पाहायची, त्या काळातली ही गोष्ट. ओढ्यातून निवडून आलेल्या म्हाताऱ्या खेकड्याने पाणी समिती मागितली. पण जागा कळपाच्या संख्येप्रमाणे वाटायची रीत होती. पाणी समिती गव्यांनी आणि हरणांनी भरून गेली, आणि एकट्या खेकड्याच्या वाट्याला कुणालाच नको असलेली वणवा समिती आली.

"मनाला लावून घेऊ नका, खेकडेबुवा," वणवा समितीची अध्यक्ष हत्तीण म्हणाली. "इथे फारसं कामच नसतं."

खेकडा हिरमुसला होता, तरी पहिल्याच बैठकीत त्याने विचारलं, "बाई, वणवा लागला तर विझवायला पाणी कुठलं आणणार?"

"ओढ्यातलं."

"मग तो एकदा बघून घ्या. मी तळाशी राहतो, मला तो रोज आटताना दिसतो."

हत्तीण त्याला पाठीवर घेऊन ओढ्यावर गेली. पाणी वरून नेहमीसारखंच चकाकत होतं. तिने सोंड बुडवली, तर सोंड लगेच तळाच्या वाळूत रुतली.

पाणी समिती नेहमी टेकडीवर बसायची. हत्तीणीने तिथे निरोप धाडला, आणि त्या दिवशी पाणी समितीची बैठक पहिल्यांदाच पाण्याजवळ भरली.