भोचक आरशांची गल्ली

स्टॉकहोमच्या जुन्या गावात, बंदराकडे उतरणाऱ्या एका अरुंद गल्लीत, प्रत्येक खिडकीला बाहेरून एक आरसा बसवलेला आहे. तळहाताएवढा, लोखंडी दांडीवर. घरात खुर्चीत बसल्या बसल्या रस्त्याने कोण आलं, कोण गेलं ते दिसावं म्हणून. असे आरसे तिकडच्या जुन्या घरांना आणखीही दिसतात आणि लोक त्यांना सरळ भोचक आरसे म्हणतात. पण एरवी ते रस्त्याकडे तोंड करून असतात. या गल्लीतला प्रत्येक आरसा मात्र शेजाऱ्याच्या दाराकडे वळवलेला आहे.

असं का, ते कारखानीस काकू सांगतात. लग्न होऊन त्या गल्लीत आल्या आणि तिथेच म्हाताऱ्या झाल्या. आपल्याकडचे कुणी पाहुणे आले की राजवाड्याआधी त्यांना इथे आणतात. यंदा मिरजेच्या बायका आल्या होत्या. त्यांत मालनताई होत्या. शेजारी बसेल तिची सोयरीक, सून, गुडघेदुखी, सगळं त्यांनी प्रवासात विचारून घेतलेलं.

"मालनताई, हा आरसा तुमच्याच माहेरचा दिसतोय," त्यांच्यातलीच शोभना म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. काकू हसल्या नाहीत.

"आधी ऐका. मग हसा."

फार पूर्वी, असे सांगतात, गल्लीच्या शेवटच्या घरात ब्रिता नावाची विधवा राहत होती. कोळ्यांची फाटलेली जाळी विणून ती पोट भरायची. हात जाळ्यात आणि नजर आरशात. तेव्हा अख्ख्या गल्लीत तो एकच आरसा होता. नवऱ्याने हयातीत कुठल्याशा बंदरातून आणलेला. कुणाच्या घरी मासळी गेली, कुणाचा दादला झोकांड्या खात आला, ब्रिताला सगळं ठाऊक. मनात वाईट काही नव्हतं. पोटी मूल नाही, घरात माणूस नाही. दुसऱ्यांच्या दारातली ये-जा हाच तिचा संसार होता.

तिच्या भिंतीला भिंत लावून पिंपं बनवणाऱ्या कारागिराचं घर होतं. त्याची मुलगी कारीन. तिचं लग्न ठरलेलं. एके दिवशी तिच्या दारातून एक परका पुरुष निघाला आणि कारीनने त्याला गळामिठी घातली, असं ब्रिताने आरशात पाहिलं. तिने ते विहिरीवर सांगितलं. विहिरीवरून ते नवऱ्या मुलाच्या घरी पोचलं. तो पुरुष तिचा मामा होता, परमुलखातून आलेला. पण हे उलगडेपर्यंत लग्न मोडलं होतं.

गल्लीने ब्रिताशी बोलणं टाकलं. ब्रिता चर्चमध्ये गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "यापुढे दुसऱ्याच्या दारात डोकावले, तर हे डोळे देवाने काढून घ्यावेत." घरी येऊन तिने आरसा भिंतीकडे फिरवला.

पुढे कारीनने एका खलाशाशी लग्न केलं. बाप गेल्यावर नवराबायको त्याच घरात राहिली. मध्ये एक भिंत, पण कारीन ब्रिताशी एक अक्षर बोलली नाही.

मग एक असा हिवाळा आला, म्हणे, की समुद्र गोठून त्यावर गाड्या चालल्या. कारीनच्या नवऱ्याचं जहाज पलीकडच्या किनाऱ्याला अडकलं, आणि कारीनचे दिवस भरत आलेले. ब्रिता पाहत नव्हती, पण कानांनी काही शपथ घेतलेली नव्हती. सकाळी कारीनच्या लाकडी जोड्यांचा आवाज विहिरीकडे जायचा, मग फाटी फोडल्याचा आवाज यायचा, आणि मगच ब्रिता जाळं हातात घ्यायची. एके सकाळी काहीच वाजलं नाही.

मागच्या अंगणात गल्लीतल्या पावाच्या भट्टीवाल्याची बायको राख टाकत होती. ब्रिताने तिला हाक मारली. "अगं, जरा पुढून जाऊन कारीनकडे बघतेस का?"

"खोड काही जात नाही तुझी," ती म्हणाली. "गेली असेल सासूकडे. एकदा लग्न मोडलंस तिचं, तेवढं पुरे नाही का?" आणि रिकामी बादली घेऊन आत गेली.

ब्रिताने मधली भिंत ठोकली. पलीकडून उत्तर नाही. ती खिडकीशी आली. जाळी विणणाऱ्या बाईचे डोळे गेले तर ती खाणार काय, हे तिला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. तिने खिडकी उघडली आणि बर्फाने धरलेला आरसा दोन्ही हातांनी ओढून फिरवला.

कारीनचं दार अर्धवट उघडं होतं. उंबऱ्यावर बर्फ साचला होता, आणि त्या बर्फातून हाताची बोटं बाहेर आली होती. मदतीला हाक मारायला म्हणून कारीन दारापर्यंत आली होती आणि तिथेच कोसळली होती.

ब्रिता अनवाणी धावली. तिच्या ओरडण्याने गल्ली गोळा झाली. ब्रिताच्याच चुलीपुढे कारीनला मुलगी झाली. मायलेकी दोघी वाचल्या.

वसंत आला, बर्फ वितळला, आणि ब्रिताची नजर गेली. म्हातारपणाने गेली असेल, असं कुणी कुणी म्हणतं. गल्ली तसं मानत नाही. तिला विचारलं तर ती म्हणायची, "शेवटचं बघितलं, ते कामाचं बघितलं."

पण आता ती खिडकीशी नुसती बसून राही. एका सकाळी कारीन मुलीला कडेवर घेऊन आली आणि तिच्यापाशी टेकली. मग तिने आरशात पाहिलं.

"मावशी, भट्टीवाली निघालीय. डोक्याला नवा रुमाल आहे."

ब्रिताने मान खिडकीकडे वळवली. मग म्हणाली, "कुठल्या रंगाचा?"

म्हातारी उठली की नाही ते कळावं म्हणून कारीनने आपल्या खिडकीला आरसा बसवला आणि तो ब्रिताच्या दाराकडे वळवला. तिचं पाहून पलीकडच्यांनीही आरसा बसवला आणि तो कारीनच्या दाराकडे वळवला. असं करत करत ते लोण भट्टीवालीपर्यंत पोचलं. आणि विहिरीवर जाता जाता जो तो ब्रिताच्या खिडकीखाली थांबून एक बातमी सांगू लागला.

आजही त्या गल्लीत सकाळची कॉफी घेताना लोक आधी शेजारचं दार पाहतात. कप संपेपर्यंत ते उघडलं नाही, तर जाऊन कडी वाजवतात. आजही शेवटच्या घराखालून जाणारा क्षणभर थांबतो आणि त्या रिकाम्या खिडकीला एक बातमी सांगतो. पाहुण्यांनीही सांगावी, अशी रीत आहे.

बायकांनी एकेक करून सांगितलं. मालनताई शेवटी गेल्या आणि खिडकीखालून हलेचनात. पदर खोचून, वर बघत, हळू आवाजात त्यांचं चाललंच होतं.

"ताई, एकच सांगायची असते," काकूंनी आठवण करून दिली.

"एकच सांगतेय," मालनताई मान न वळवता म्हणाल्या. "पण ती रंग विचारणारी बाई. तिला अर्धवट कशी सांगू?"

या वेळी कुणी हसलं नाही. शोभना त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिली आणि त्यांचं काही सुटलं, की मधूनच भर घालू लागली.