अकराव्या मजल्याची सही

सोनवडीत तीन वर्षांत घरं दुप्पट झाली, पण अग्निशमन दलाची शिडी तीच राहिली, जेमतेम चौथ्या मजल्याला टेकणारी. अशात अकरा मजली इमारत उभी राहिली. लोकांना राहायला जायचं तर दलाच्या प्रमुख भोईटेबाईंची सही हवी होती, आणि बाई सही करेनात. नगराध्यक्ष ढमाल्यांनी त्यांना भर सभेत बोलावलं.

"बाई, नवी शिडी पुढच्या बजेटात घेऊ. आज सही करा, नाहीतर उद्या बदलीचा कागद घ्या."

बाईंनी शांतपणे पेनाचं टोपण काढलं.

"करते की साहेब. आधी फक्त एक प्रात्यक्षिक घेऊ. तुम्ही अकराव्या मजल्याच्या गॅलरीत उभे राहा, आम्ही तुम्हाला शिडीनं खाली आणतो. सगळं गाव बघेल."

"अहो, पण शिडी चौथ्यापर्यंतच पोहोचते ना?"

"मग तोवर थांबा तिथंच. वरचे सात मजले पुढच्या बजेटात उतरवू."

सभागृहात असा हशा उसळला की शिपाईसुद्धा भिंतीला टेकला. ढमाल्यांनी सहीचा कागद मागे घेतला आणि शिडीखरेदीचा ठराव त्याच सभेत मांडला.