कोल्ह्याची चार बिळं

रानाला अजून कुणी नावही दिलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी ऐकून जरा गप्प बसावं.

एका टेकडीवर एक साळिंदर राहत असे. त्याला बिळं खणायची हौस. एक बीळ स्वतःला ठेवून बाकीची त्याने भाड्याने दिली होती. एकात सशाचं जोडपं, दुसऱ्यात उंदरांचं मोठं खटलं. संध्याकाळ झाली, की भाडेकरू त्याच्या दारात कंद नाहीतर बोरं ठेवून जात.

समोरच्या कपारीत कोल्हा आणि कोल्हीण राहत. संसार नवा होता. घर खडकातलं, कोरडं, ऐसपैस. पण कोल्हीण दारात बसायची ती समोर तोंड करून.

"आज कंद आलेत," ती म्हणायची. "हा नुसता लोळतो, आणि लोक आणून देतात."

"आपण कुठे कंद खातो?"

"मला कुठे हवेत? मी आपलं म्हटलं."

हे असं रोज चाले. हळूहळू कोल्ह्यालाही स्वतःची शिकार बेचव लागू लागली. साळिंदराला ढेकर आली तरी ती त्याला इकडे ऐकू येई.

अशात कोल्हिणीला दिवस गेले. त्याच सुमारास ओढ्याकाठची घोरपड आली आणि म्हणाली, "माझी चार बिळं आहेत, एका रांगेत. ती तुम्ही घ्या, ही कपार मला द्या. एकाला चार."

कोल्हा साळिंदराकडे गेला. विचारायला कमी, सांगायला जास्त.

साळिंदर म्हणाला, "बीळ घेणं सोपं असतं रे. माझं पहिलं बीळ दोन पावसाळे रिकामं होतं, एकदा छतही बसलं. तुझ्याकडे राहायला कोण येईल, ते आधी बघ. आणि राहती कपार देऊ नकोस."

कोल्ह्याने घरी येऊन सगळं सांगितलं. कोल्हीण हसली.

"कळलं ना? जळतोय आपल्यावर."

दुसऱ्या दिवशी सौदा झाला. घोरपड कपारीत शिरली, कोल्हा-कोल्हीण ओढ्याकाठी आले. साळिंदराच्या निम्म्या भाड्यात बीळ मिळेल, अशी कोल्ह्याने रानभर हाकाटी केली.

एक ससा आला. लांबच उभा राहिला.

"जागा छान आहे. मालक कुठे राहणार?"

"इथेच, शेजारी. मी भाडेकरूंना हात लावत नसतो."

"आणि भाडं थकलं तर?"

कोल्ह्याला उत्तर सुचायला क्षणभर वेळ लागला. ससा तेवढाही थांबला नाही. मग दुसरं कुणी आलंच नाही.

आता निदान आपण तरी राहू, म्हणून कोल्हा एका बिळात शिरायला गेला. डोकं गेलं, खांदे अडकले. चार बिळांचे मालक त्या रात्री उघड्यावर झोपले.

"रुंद करा की," कोल्हीण म्हणाली. तिचं पोट आता जमिनीला टेकत होतं.

कोल्ह्याने नखं झिजेपर्यंत उकरलं. बिळं होती एकमेकांना खेटून. एकाची भिंत गेली तशी चारही खाली बसली.

कोल्हा कपार परत मागायला गेला, तर घोरपडीने आतूनच सांगितलं, "सौदा झाला तो झाला."

पावसाचे ढग भरून आले, तेव्हा दोघं मान खाली घालून साळिंदराच्या दारात उभी राहिली. साळिंदराने कोल्हिणीकडे पाहिलं.

"भावजी, पिल्लं होईपर्यंत तरी एखादा कोपरा द्या," ती म्हणाली.

"मी देईन गं. पण शेजारी ससे आहेत, उंदीर आहेत, त्यांना विचारायला हवं."

तो सशांच्या बिळात शिरला, उंदरांनाही तिथेच बोलावलं. आत बराच वेळ कुजबूज चालली. साळिंदर एकटाच बाहेर आला. शेजारी नको म्हणाले होते.

कोल्हिणीची पिल्लं करवंदीच्या जाळीखाली, भर पावसात जन्मली. त्या पावसाळ्यात तिची मान एकदाही टेकडीकडे वळली नाही. पिल्लांवर आडवं पडून राहण्यातच तिचा दिवस जाई.

शेजाऱ्याचं भाडं पाहून जो राहतं घर पणाला लावतो, त्याच्या हाती भाडंही येत नाही आणि घरही राहत नाही.