आपणहून पडणारे मल्ल

पूर्वी वेत्रवतीच्या काठी कुसुंभ नगरात पुष्कल राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या तालमीत मल्ल होता. त्याच तालमीत दीप्तक नावाचा एक तरुण होता. अंगात बळ, पायात चपळाई, आणि डाव एकदा पाहिला की तो त्याचाच झाला. असा मल्ल पिढीत एखादाच निपजतो, असं वस्ताद म्हणत, आणि ते खरंही होतं. पण दीप्तकाला कुणाची पर्वा नव्हती. सरावात जोडीदाराला पाडताना सांभाळून घ्यायचं असतं. हा आपटायचा आणि वर हसायचा. गेल्या वर्षी त्याने बोधिसत्त्वाचा खांदा निखळवला होता आणि त्यालाच लोण्याचा गोळा म्हणून चिडवलं होतं.

मग पोरांनी गुपचूप तोड काढली. दीप्तकाने हात घातला रे घातला की अंग सैल सोडून अलगद पाठ टेकायची. हाडं शाबूत राहत, आणि दीप्तकाला वाटे, आपल्यापुढे कोणी टिकतच नाही. बोधिसत्त्वही तसाच पडायचा.

शरदातल्या उत्सवात शेजारच्या राज्याचा मल्ल येणार होता. त्याच्याशी लढायला दीप्तकाचं नाव ठरलं. तो हरला तर पुढची कुस्ती बोधिसत्त्वाची, आणि ती बोधिसत्त्वाने जिंकली तर राजमल्लाचा मानही त्याचाच. पोरं मनातून खूश होती. साऱ्या नगरापुढे त्याची फजिती होऊ दे, असं ती बोधिसत्त्वाला म्हणत.

बोधिसत्त्वालाही ते गोड लागलं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण मन खात राहिलं. दीप्तकाने आमची हाडं मोडली ती उघड उघड, आणि आम्ही त्याची विद्या मोडतोय ती रोज पाठ टेकून, असं त्याला वाटू लागलं. शिवाय परका मल्ल काही अलगद पडणार नव्हता. गाफील माणसाची मान अशा वेळी सहज जाते.

दुसऱ्या दिवशी तो दीप्तकासमोर उतरला आणि पडला नाही. दीप्तकाने पट काढला, टांग लावली, तरी हा उभाच. दीप्तकाला धाप लागली. इतका वेळ झोंबायची सवयच राहिली नव्हती. शेवटी चिडून त्याने तोच दुखरा खांदा धरून पिरगळला. बोधिसत्त्व मटकन खाली बसला. खांदा पुन्हा गेला, आणि त्याच्यासोबत उत्सवातली कुस्तीही.

"आज तुला झालं तरी काय?" दीप्तकाने विचारलं.

"काही नाही. आज मी पडलो नाही, एवढंच," बोधिसत्त्व म्हणाला. "आम्ही सगळे आपणहून पडतो रे. तुझ्या डावाला नाही, तुझ्या स्वभावाला भिऊन."

दीप्तक मातीतच खाली बसला. त्याला रडू आलं, आणि ते त्याने लपवलं नाही. मग वस्तादांकडे जाऊन, यंदा मला पाठवू नका, असं त्याने स्वतःच सांगितलं. त्या वर्षीचा मान परराज्यात गेला. पुढे वर्षभर त्याने एकेकाची मनधरणी केली, की बाबांनो, माझ्याशी खरं लढा. सुरुवातीला धाकट्यांनीही त्याला अस्मान दाखवलं. तो हात जोडून उठे आणि पुन्हा उभा राही. पुढच्या शरदात मात्र तो राजमल्ल झाला.

ही कथा सांगून शास्ता जेतवनातल्या सभेला म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा दीप्तक म्हणजे इथे पुढे बसलेला श्रुतवंत. धर्मचर्चेत आपल्याला कोणी उलट बोलत नाही, म्हणून तो सध्या फार प्रसन्न असतो. वस्ताद म्हणजे आनंद. आपणहून पडणारे मल्ल म्हणजे श्रुतवंताच्या प्रत्येक शब्दाला मान डोलावणारे तुम्ही सगळे. आणि ज्याचा खांदा गेला तो मी. जो दुखावतो त्याचंही खरं हित पाहायचं, आणि त्यासाठी त्याच्यासमोर न पडता उभं राहायचं, याला मैत्री म्हणतात."