सर्जेरावानं गप्प केलेली जीप

“टकटक येती का ऐकू, आक्का?”

आनसाक्कानं मान हलवली. नाही येत.

“मग? हात कुणाचा हाय?”

जीप गॅरेजच्या दारात चालू होती. शेजारी सर्जेराव छाती काढून उभा. इंजिन फार वाजतं म्हणून गिऱ्हाईक कुरकुरत होतं. काल यानं टॅपेट आवळले, म्हणजे व्हॉल्ववरची फट कमी केली. आता नुसती डिझेलची घरघर, वरचा आवाज बंद.

आनसाक्का जुन्या टायरवर बसून होती. घाटाच्या पायथ्याला तिचं गॅरेज. नवरा गेल्यावर पाना तिनंच उचलला. बाईमाणसानं इंजिनात हात घालावा का, असं पुष्कळांनी विचारलं. त्यातले निम्मे पुढं घाटातून बंद गाडी दोरीनं ओढत तिच्याच दारात आले. तिनं कुणाला टोमणा मारला नाही. टोमणा मारायलाही अंगात जोर लागतो.

सर्जेराव तिच्याच हाताखाली तयार झाला. आता स्टँडजवळ स्वतःचं गॅरेज काढत होता.

“सोमवारी पूजा हाय,” तो म्हणाला. “नारळ तुम्हीच फोडायचा. उस्तादाच्या हातानं फुटला न्हाई तर लोक काय म्हणतील?”

“लोकांसाठी बोलवतोस व्हय.”

“तसं न्हवं...”

त्यानं किल्लीकडं हात नेला.

“बंद करू नगो. चालू दे.”

“कशाला? डिझेल जातंय.”

“जाऊ दे. बस.”

सर्जेराव बसला. ऊन पत्र्यावर चढलं होतं. आक्का पदरानं वारा घेत राहिली. जीप घरघरत राहिली.

“पूजेला जोडीनं बसावं लागतंय,” आक्का म्हणाली. “वैजू बसंल?”

वैजू म्हणजे सर्जेरावाची बायको.

“बसंल की. न बसून जाती कुठं?” सर्जेराव हसला. “ती आता सुधारली, आक्का. आधी नुसता तोंडाचा पट्टा. ताटात काळा हात का घातलास, काल कुठं हुतास, माझ्या आईला बघायला कवा न्हेणार. आता एक शब्द न्हाई. घर कसं देवळागत शांत.”

“काय केलंस?”

“मी काय करतोय? माहेरची वाट बंद केली. शेजारणीत बसणं बंद. शिलाई मशीन हुती, ती माळ्यावर टाकली. गावातल्या बायका ब्लाउजच्या नावाखाली येऊन तिचं कान भरत्यात. माणूस म्हटलं की जरा धाकात ठेवावं लागतंय.”

“हं.”

“तुम्हाला पटंना का काय?”

आक्का जीपकडं बघत होती.

...

“काल विहिरीवर दिसली मला.”

“कोण?”

“वैजू. घागर भरून काठावर ठेवलेली. आणि ही वाकून आत बघत उभी.”

“पाणी किती हाय बघत असंल.”

“व्हय,” आक्का म्हणाली. “तेच बघत असंल.”

सर्जेराव हसायला गेला. पण आक्का हसत नव्हती, म्हणून त्याचंही हसू अर्ध्यावर राहिलं.

“मग?”

“मी हाक मारली. वळली. बोलली न्हाई.”

“कमी बोलती आता. म्हटलं की तुम्हाला...”

“ऐक.”

“काय?”

“इंजिन ऐक.”

इंजिन अडखळलं. एक ठोका गाळला. पुन्हा धरलं, पुन्हा गाळला. बॉनेट अंगात आल्यासारखं हलायला लागलं.

सर्जेराव उठला. “तापलं म्हणून करतंय. सकाळी गार हुतं तवा लोण्यागत चालत हुतं.”

“घाट काय गार चढणार हाय?”

सर्जेरावानं हलतं बॉनेट हातानं दाबून धरलं.

“सायलेन्सरच्या तोंडाशी हात धर.”

त्यानं धरला. धूर एकसारखा लागत नव्हता. हाताला धक्का, मग धक्का, मग नुसतीच गरम फुंकर... आजारी माणसाच्या श्वासागत.

“बंद कर. झाकण काढ.”

“गार होऊ द्या की. हात पोळतील.”

“पोळू देत.”

त्यानं इंजिनावरचं झाकण काढलं. बोटं पोळली. आक्का गुडघ्यावर हात देऊन उठली, खिळ्याला अडकवलेला फिलर काढून आणला. फिलर म्हणजे पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा. टॅपेट आणि व्हॉल्वमधली फट त्यानं मोजतात.

“सगळ्यात पातळ पट्टी घाल.”

त्यानं घातली. गेली नाही. दुसऱ्या व्हॉल्वला लावून बघितली. तिथंही नाही.

“मी फट ठेवली हुती, आक्का. देवाशप्पथ. केसाएवढी, पण ठेवली हुती.”

“गार असताना.”

“व्हय.”

“तापल्यावर लोखंड वाढतंय. कुणी शिकवलं तुला?”

“तुम्हीच.”

“मीच...” आक्का म्हणाली. तिनं क्षणभर डोळे मिटून घेतले. किती जणांना हेच शिकवलं होतं, आणि किती जणांनी मान डोलावली होती. “फट न्हाई तर व्हॉल्व पुरता बसत न्हाई. अर्धवट उघडा ऱ्हातो. सगळी आग त्याच्या कडेवरनं जाती. कड जळत जाती आन् वर आवाज म्हणून न्हाई. तू म्हणतोस, काय झ्याक चाललंय.”

“जळला का?”

“मला काय विचारतोस? आवळला तू.”

“आक्का, सांगा की. इंजिन गेलं तर गिऱ्हाईक मला उभा चिरंल.”

“गिऱ्हाइकाचं सोड. ढिला कर. जळला असला तर ढिला करूनबी ठोका गाळंल. वाचला असला तर वाजंल.”

सर्जेराव वाकला. एकेक नट सोडला, पट्टी घातली, स्क्रू फिरवला, पट्टी जराशी अडून सरकायला लागली की नट धरला. आक्कानं मदत केली नाही. घाम त्याच्या नाकावरनं गरम लोखंडावर पडत होता आणि चरचरत होता. त्याला आता छाती काढायला सवड नव्हती.

झाकण बसलं. त्यानं किल्लीला हात घातला आणि फिरवायच्या आधी थांबला. आक्काकडं बघितलं.

“फिरव.”

इंजिन सुरू झालं.

टक टक टक टक...

सर्जेराव धावत मागं गेला. सायलेन्सरशी हात धरला. धक्का, धक्का, धक्का. एकही गाळला नाही. तरी त्यानं हात काढला नाही. किती वेळ तसाच वाकून उभा राहिला.

“वाचला,” तो म्हणाला.

“बरं झालं.”

“पर पहिल्यागत वाजतंय की. गिऱ्हाईक बोंबलंल.”

“बोंबलू दे.”

आक्का परत टायरवर टेकली. इंजिन वाजत राहिलं. सर्जेराव हात पुसायला फडकं शोधत होता. फडकं त्याच्या खांद्यावरच होतं. त्याला सापडत नव्हतं.

“आक्का...”

“बोल.”

“काल ती किती येळ उभी हुती तिथं?”

आक्कानं पायातला खडा काढला, लांब टाकला.

“मी बघितलं तवापास्नं बराच येळ. मी येणार म्हणून काय थांबली न्हवती. मी हात धरून घरी सोडली. हात गार पडला हुता तिचा, भर उन्हात.”

“मला बोलली न्हाई ती.”

“न्हाई बोलली.”

“तुम्हीबी सांगितलं न्हाई.”

“आता सांगितलं की. मघाशी. तू म्हणालास, पाणी बघत असंल.”

सर्जेराव खाली बसला. जमिनीवर, ऑइलच्या डागातच. नवी पँट होती. त्याचं त्याकडं लक्ष नव्हतं.

...

मग तो उठला. जीपमध्ये बसला. पुन्हा उतरला.

“मशीन आजच खाली काढतो,” तो म्हणाला, कुणी विचारलं नसताना.

आक्का पदरानं वारा घेत होती.

“माहेरी बी सोडतो. चार दिस ऱ्हाऊन येऊ दे.”

आक्का जीपची टकटक ऐकत होती.

“पूजेला याल न्हवं, आक्का? न्हाई म्हणू नगा.”

“बोलवायला एकटाच आलायस. जोडीनं यायचं असतंय.”

“उद्या येतो. दोघं येतो. तिला घेऊन येतो.”

“या.” आनसाक्कानं पाठ खांबाला टेकवली. डोळे मिटले. “वाटंनं भांडत या... मला हितं बसून ऐकू आलं पाहिजे.”