झुपकीचं पिल्लू आणि बोथट करवत

एक होती जांभूळ. जांभळीत होती ढोली. ढोलीत राहायची खार.

खारीचं नाव झुपकी. तिची शेपूट झुपकेदार, म्हणून झुपकी. तिला एक पिल्लू होतं. एवढंसं. बोटाएवढं. कालच त्याने डोळे उघडले होते.

सकाळी झुपकी दाणे शोधायला गेली. तेवढ्यात वारा सुटला. सूंऽऽ सूंऽऽ. जांभळीची वरची फांदी मोडली. कडाड. खाली आली आणि ढोलीच्या तोंडावर आडवी बसली. धप्प.

झुपकी परत आली. बघते तर दार बंद. आत पिल्लू. बाहेर आई.

"पिल्ला, आहेस ना?"

"चिक," पिल्लू आतून म्हणालं. "आई, अंधार आहे."

"घाबरू नको. मी आलेच."

झुपकीने फांदी ढकलली. हलेना. पायाने ढकलली. डोक्याने ढकलली. हलेना.

"फांदीताई, फांदीताई, सरकतेस का? माझं पिल्लू आत आहे."

फांदी म्हणाली, "सरकले असते गं. पण मी अडकलेय. करवत मला कापेल, तर मी सरकेन."

झुपकी निघाली. तुरुतुरु, थांब. तुरुतुरु, थांब.

जांभळीपलीकडे कुमुदकाकीचं घर होतं. काकी करवती दुरुस्त करायची. हाताच्या नाही, मशीनच्या. घुर्र घुर्र करणाऱ्या. घराच्या पडवीतच तिचं काम चालायचं. आज टेबलावर दोन मोडक्या करवती होत्या. एकीचं मशीन चांगलं, दुसरीची साखळी धड. दोघींची मिळून काकी एक करवत करत होती. साखळीला होते दात. बारके बारके, ओळीने.

"करवतबाई, करवतबाई,
फांदी सरकेना,
पिल्लू बाहेर येईना.
तू फांदी कापशील का?"

करवत म्हणाली, "कापली असती गं. पण माझे दात बोथट झालेत. दगडावर घासले ना. कानस दात घासेल, तर मी कापेन."

कानस टेबलावरच होती. लांब, गोल, खरखरीत. झुपकी तिच्याजवळ गेली. टुण.

"कानसमावशी, कानसमावशी,
करवत कापेना,
फांदी सरकेना,
पिल्लू बाहेर येईना.
तू दात घासशील का?"

कानस म्हणाली, "घासले असते गं. पण मला ना हात, ना पाय. काकी मला धरेल, तर मी घासेन."

काकी स्टुलावर बसली होती. मोठे मोठे हात. हाताला काळं तेल. डोळे मात्र बारीक केलेले.

"काकी, काकी,
कानस घासेना,
करवत कापेना,
फांदी सरकेना,
पिल्लू बाहेर येईना.
तू कानस धरशील का?"

काकी खाली वाकली. "पिल्लू अडकलं? अगं बाई. धरली असती गं. पण दात केवढे बारके, मला चष्म्याशिवाय दिसत नाहीत. नाही दिसले तर वेडेवाकडे घासले जातील. आणि चष्मा आहे मनीखाली."

"मग मनीला उठव."

"नाही गं. मनीला तीन पिल्लं झालीत. बाळंतिणीला कसं उठवू? ती आपणहून उठेल, तर मी चष्मा घेईन, कानस धरेन."

झुपकीने मनीकडे पाहिलं. मनी म्हणजे मांजर. मांजर म्हणजे खारीला केवढी भीती. पण झुपकी गेली. तुरुतुरु, थांब. थांब. थांब. मग एक पाऊल. मग अजून एक.

मनी खोक्यात होती. लाकडाच्या भुशावर. पोटाशी तीन पिल्लं. चष्म्याची एक काडी बाहेर डोकावत होती.

झुपकी लांबूनच बोलली. हळू आवाजात.

"मनीताई, मनीताई,
काकी धरेना,
कानस घासेना,
करवत कापेना,
फांदी सरकेना,
पिल्लू बाहेर येईना.
तू उठशील का?"

मनीने एक डोळा उघडला. "तुलाही पिल्लू आहे?"

"आहे. एकच आहे."

मनी म्हणाली, "उठले असते गं. पण माझी पिल्लं गारठलीत. मी उठले तर कुडकुडतील. ऊन पडवीत येईल, तर मी उठेन."

झुपकी आधी जांभळीवर गेली. सरसर वर.

"पिल्ला, आहेस ना?"

"चिक," पिल्लू म्हणालं. पण हळूच म्हणालं. "आई, भूक लागली."

झुपकी सरसर खाली आली. ऊन अंगणात बसलं होतं. पिवळं, उबदार.

"ऊनदादा, ऊनदादा,
मनी उठेना,
काकी धरेना,
कानस घासेना,
करवत कापेना,
फांदी सरकेना,
पिल्लू बाहेर येईना.
तू पडवीत येशील का?"

ऊन म्हणालं, "आलो असतो गं. रोज येतो. पण आज वाटेत ताडपत्री आहे. ताडपत्री हलेल, तर मी येईन."

पडवीच्या तोंडाला निळी ताडपत्री बांधलेली होती. वाऱ्याने भुसा उडू नये म्हणून काकीनेच बांधली होती. फडफड, फडफड.

"ताडपत्रीबाई, ताडपत्रीबाई,
ऊन येईना,
मनी उठेना,
काकी धरेना,
कानस घासेना,
करवत कापेना,
फांदी सरकेना,
पिल्लू बाहेर येईना.
तू हलशील का?"

ताडपत्री म्हणाली, "हलले असते गं. पण मला दोरीने बांधलंय. दोरी सुटेल, तर मी हलेन."

दोरी खांबाला होती. वर, अगदी वर. झुपकी खांब चढली. सरसर, सरसर. आता तिला धाप लागली होती. तरी एक शब्द तिने गाळला नाही.

"दोरीताई, दोरीताई,
ताडपत्री हलेना,
ऊन येईना,
मनी उठेना,
काकी धरेना,
कानस घासेना,
करवत कापेना,
फांदी सरकेना,
पिल्लू बाहेर येईना.
तू सुटशील का?"

दोरी म्हणाली, "सुटले असते गं. पण वाऱ्याने मला ओढलं, ओढलं, आणि माझी गाठ बसली घट्ट. काकीने सोडवून पाहिली. तिला गाठ दिसलीच नाही. कुणी कुरतडेल, तर मी सुटेन."

आता कुणाकडे जायचं? झुपकीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. खांबावर दुसरं कुणीच नव्हतं.

मग तिने आपल्या दातांवरून जीभ फिरवली. पुढचे दोन दात. छोटे. पण बोथट नव्हते.

"दोरीताई, मी कुरतडू?"

"कुरतड की," दोरी म्हणाली.

झुपकीने गाठ धरली. कुरू कुरू कुरू. दोरी कडू होती. जाड होती. कुरू कुरू कुरू. एक पेड तुटला. टप्. झुपकीचा जबडा दुखायला लागला. कुरू कुरू कुरू. दुसरा पेड तुटला. टप्. आता एकच राहिला. झुपकीने डोळे मिटले आणि कुरतडलं. कुरू कुरू कुरू कुरू.

टप्.

दोरी सुटली.
ताडपत्री हलली. सळसळ सळसळ, खाली आली.
ऊन पडवीत आलं. टेबलावर आलं, स्टुलावर आलं, खोक्यात आलं.
तीन पिल्लांच्या पाठी उबदार झाल्या. पिल्लं पसरून झोपली.
मनी उठली. अंग ताणलं. आणि झुपकीकडे न बघता दुसरीकडे जाऊन बसली, म्हणजे झुपकीला भीती नको.

काकीने चष्मा उचलला. पदराने पुसला. डोळ्यांवर लावला.

"आता दिसलं," काकी म्हणाली.

काकीने कानस धरली.
कानशीने दात घासले. खस खस खस. एक दात झाला. खस खस खस. दुसरा झाला. काकीने घाई केली नाही. एकही दात सोडला नाही. सगळे दात चमकायला लागले.

मग काकीने साखळी करवतीवर चढवली. एक चाक फिरवलं, दोन स्क्रू आवळले. किर्र किर्र. तेल घातलं. टिप टिप टिप. जाड बूट घातले, डोक्यावर टोप घातला. आणि करवत सुरू करायची दोरी ओढली.

फट्. गप्प.

फट् फट्. गप्प.

झुपकी खांबावरून बघत होती. शेपूट ताठ.

"दोघींची एक झालीय ना," काकी म्हणाली. "ओळख व्हायला जरा वेळ लागतो." तिने पुन्हा ओढली.

फट् फट् फट् घुर्रऽऽऽ.

काकी जांभळीकडे निघाली. पुढे झुपकी, मागे काकी. ढोली काकीच्या हाताला येईल एवढ्याच उंचीवर होती. काकीने फांदी नीट पाहिली. ढोलीजवळ करवत नेली नाही. लांबून कापलं. हळू कापलं. घुर्र घुर्र. एक तुकडा पडला. घुर्र घुर्र. दुसरा पडला.

फांदी सरकली. धप्प.

काकीने करवत बंद केली. सगळं एकदम शांत झालं. झुपकीने ढोलीत तोंड घातलं.

"पिल्ला, मी आले."

आत काहीच वाजलं नाही.

"पिल्ला?"

काकीने टोप काढला. ती जागच्या जागी उभी राहिली.

"चिक."

आधी एक नाक आलं. मग मिशा आल्या. मग दोन काळे डोळे आले. ऊन लागलं तसे ते मिटले, परत उघडले. मग सगळं पिल्लू आलं. अंगभर धूळ, डोक्यावर एक वाळकं पान.

झुपकीने त्याला चाटलं. नाक चाटलं, कान चाटले, एवढीशी शेपूट चाटली.

"आई, मोठा आवाज आला," पिल्लू म्हणालं.

"ती करवत होती. आपल्यासाठीच आली होती."

पिल्लू आईच्या पोटाशी शिरलं आणि दूध प्यायला लागलं. चुटु चुटु. चुटु चुटु.

काकी कापलेल्या तुकड्यावर बसली. पडवीत बरंच काम पडलं होतं. पण ती उठली नाही. ती उठली असती तर खार पळाली असती, आणि पिल्लाचं दूध राहिलं असतं.

"सावकाश पी रे," काकी म्हणाली. "मला काही घाई नाही."

चुटु चुटु. चुटु चुटु.

पिल्लाचं पोट भरलं. आपली गोष्टही भरली.